पातेलंभर वाफ

गोदाबाई: …घंटी वाजली, उदबत्तीचा वास भिंतीवरून आला, पन आरती नाही. म्या सुनेले म्हटलं, मंजू, आज उमाताईचा आवाज काहून नाही? ते म्हणे, होगा कुछ, सो गयी होगी. घंटी वाजवून कोनी झोपते का? म्हणून आली मी. अन् तुमी दार उघडायले इतका वेळ लावला का माहा जीव टांगनीले लागला.

उमाबाई: आरती केली हो. मनातल्या मनात केली. घसा बसलाय पार.

गोदाबाई: घसाच नाही, नाकबी लाल झालं. हात पाहू. हौ, कनकन आहे अंगात. कधीपासून?

उमाबाई: संकेत दिवाळी करून गेला ना, त्यानंतर. होईल बरं. सर्दीच तर आहे.

गोदाबाई: अन् हे दोरीवरचं लुगडं? याचं पानी अजून टपकून राह्यलं. आजबी गेलत्या काय नदीवर?

उमाबाई: कार्तिक चालू आहे, गोदाबाई.

गोदाबाई: आंगात कनकन, अन् पहाटेच्या अंधारात वैनगंगेत डुबकी!

उमाबाई: नेम आहे. लग्न होऊन बालाघाटला आले त्या वर्षापासून एकदाही चुकला नाही. आता यांच्या माघारी चुकवू?

गोदाबाई: मी काही म्हणत नाही, बापा. दुसऱ्याच्या नेमात आडवं येनं मले जमत नाही. लामता गावाले माही सासू होती, उपासाच्या दिवशी तिच्यासमोर कोनी भाकरीचं नाव काढत नसे. तुमी बसा. मी पानी ठेवते.

उमाबाई: चहा नको.

गोदाबाई: चहा कोन देते? वाफ घ्या. ओवा कुठी आहे? तव्यावर गरम करून रुमालात पुरचुंडी बांधून देते, हुंगत राहा. तुळस कुठी आहे ते मले माईत आहे. चार पानं तोडून आनते, काढा—

उमाबाई: अहो नको! आज रविवार. रविवारी तुळशीला हात लावत नाहीत.

गोदाबाई: हे तुमच्या देवाचंबी सरकारी हापिसावानी आहे, रविवारी बंद.

उमाबाई: हसवू नका, खोकला येतो.

गोदाबाई: तं आलं-गूळ घालून देते. आल्याले काही वार नाही ना?

उमाबाई: नाही. आलं वरच्या टोपलीत आहे.

(उमाबाईंचा फोन वाजतो.)

संकेत: आई, नमस्कार. अरे, तेरी आवाज को क्या हुआ?

उमाबाई: काही नाही रे, थोडी सर्दी. तू कसा? श्रिया?

संकेत: तिला डान्स क्लासला घेऊन आलोय. बाहर गाड़ी में बैठा हूँ. सुन, दिवसातून दोनदा स्टीम ले. नमक के गरम पानी से गरारे कर. पाणी पीत राहा, कोमट. रात्री उशी जरा उंच घे, नाक खुला रहेगा. और रेस्ट कर, आई, रेस्ट.

उमाबाई: हो रे.

संकेत: स्टीमवाली मशीन भेजूँ? बुधवारपर्यंत येईल.

उमाबाई: पातेलं आहे घरात.

संकेत: वही तो, तू ऐकत नाहीस. और वो तेरा सुबह का चालू है ना? नदीचं?

उमाबाई: चालू आहे.

संकेत: वो अच्छा है. बंद मत करना. सुबह का वॉक हो जाता है, मन भी लगा रहता है. मी श्रियाच्या आईलापण तेच सांगतो, आई अकेली नहीं है, उसका पूरा रूटीन है.

उमाबाई: हो.

संकेत: चल, क्लास सुटला. काळजी घे हं.

उमाबाई: श्रियाला म्हण, आजी… ठेवला वाटतं.

गोदाबाई: पोरगा गुनाचा आहे. सारं बरोबर सांगतलं त्यानं.

उमाबाई: हो. सगळं बरोबर सांगितलं.

गोदाबाई: या, खाली बसा. ओट्यावर नको, हात लागला तं सांडते. गॅस बंद करून ठेवलं होतं, आता फार कढत नाही. तोंड इतकं जवळ नका नेऊ. टावेल घ्या डोक्यावरून.

उमाबाई: परवा घेतली होती मी वाफ.

गोदाबाई: मंग फरक नाही पडला?

उमाबाई: टॉवेल घेतला आणि लगेच काढला.

गोदाबाई: भाजलं?

उमाबाई: नाही. टॉवेल घेतला की आत काळोख होतो ना, गोदाबाई. तेव्हा बाहेर कोणीतरी बसलंय असं वाटावं लागतं. हे बसायचे. पेपर वाचत. पानं उलटल्याचा आवाज यायचा. परवा काहीच आवाज येईना. मला वाटलं, घरात मीसुद्धा नाहीये.

गोदाबाई: घ्या टावेल. मी आहे. मले पेपर तं वाचता येत नाही, मी आलं ठेचते. ऐकू येते काय?

उमाबाई: येतंय.

गोदाबाई: नाकानं घ्या, तोंडानं सोडा. डोळे मिटून. सायब भांडत होते ना, या नदीच्या नेमावरून? भिंतीपलीकडून ऐकू येत होतं आमाले. मंजू म्हणे, सुबह-सुबह शुरू हो गये.

उमाबाई: दर कार्तिकात. पहिल्या दिवसापासून. ‘नको जाऊस, मी बंबात पाणी तापवतो, घरीच कर. गंगा म्हणून घे चार तांबे.’ मी चप्पल घालायचे, हे दारात आडवे. मी निघाले की बडबडत मागून यायचे, टॉवेल आणि थर्मास घेऊन. घाटावर दुसऱ्या बायका हसायच्या.

गोदाबाई: पन तुमी ऐकलं नाही कधी.

उमाबाई: एकदा ऐकलं होतं. असंच बारीक अंग गरम होतं. ते म्हणाले, ‘उमा, आज मी खरंच सांगतोय.’ मग घरीच केलं, यांनी तापवलेल्या पाण्यानं. तरी तो नेम चुकला असं मला कधी वाटलं नाही. यांनी सांगितलं होतं ना.

गोदाबाई: मंग उद्याबी घरीच करा.

उमाबाई: कोणी सांगितलं म्हणून करू?

(गोदाबाई ठेचलेलं आलं वाटीत काढते.)

उमाबाई: रोज पहाटे कडी काढते आणि जरा थांबते मी, गोदाबाई. कोणी म्हणेल नको जाऊस. मग कोणी म्हणत नाही, तर जाते. आज घाटावर पायरीवर बसावं लागलं, डोकं गरगरलं म्हणून. तिथंही कोणी विचारलं नाही. संकेत तर म्हणाला, बंद करू नकोस.

गोदाबाई: तुमी टावेल काढू नका. अजून वाफ आहे.

उमाबाई: वाफ नाही आता.

गोदाबाई: तरी असू द्या डोक्यावर. मले तोंडावर बोलता येनार नाही हे. मी काही शिकलेली नाही, व्रताचं मले समजत नाही, अन् पाप लागते का नाही तेबी माईत नाही. पन उद्या जाऊ नका. पायरीवर बसलेलं मानूस नदीत गेलं तं कोनाले समजीन? उद्या मी पहाटे येते. तुमच्या बंबात पानी तापवते. परवाबी येते. ताप उतरला नाही तं माह्या पोराच्या, गजेंद्रच्या गाडीवर दवाखान्यात.

उमाबाई: आणि नेम?

गोदाबाई: देवाले सांगा, गोदी आडवी आली दारात. काय शिक्षा आहे ते तिले द्या.

उमाबाई: मी ऐकलं नाही तर? माझी सवय आहे न ऐकायची.

गोदाबाई: तं भांडू. आमच्या मंजूले ऐकू जाईन इतकं भांडू. पन जाऊ देनार नाही.

उमाबाई: काय म्हणालात?

गोदाबाई: म्हटलं, नका जाऊ.

उमाबाई: जरा मोठ्यानं म्हणा. कानात दडे बसलेत माझ्या, सर्दीनं.