शिंप्याच्या तोंडाचं माप

नाही, पण मला एक सांगा, माणसाच्या तोंडात घमेलंभर गुलाबी लगदा कोंबायचा, वरून दोन बोटांनी टाळूला दाबून धरायचा आणि मग म्हणायचं, "हं, आता अगदी सहज बसा काका"... सहज? डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, सकाळचा चहा गळ्याशी येऊन उभा, आणि डॉक्टर विचारतात, "काही त्रास नाही ना होत?" आता याचं उत्तर मी कुठल्या तोंडाने देऊ? तोंड तर तुमच्या ताब्यात! बरं, वर आणखी ताकीद, हलू नका, हललात तर माप चुकेल. माप चुकेल म्हणे! हे कुणाला सांगताय? शिंप्याला?

बेचाळीस वर्षं, तुम्हाला सांगतो, बेचाळीस वर्षं कोट आणि पँटी शिवतोय मी. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत मला कळलेलं असतं, डावा खांदा पाऊण इंच खाली आहे, पोट सुटलंय पण अजून स्वतःशी कबूल केलेलं नाही. माझ्या नजरेतून सूतभर फरक सुटत नाही. त्या खुर्चीत आडवा पडलो होतो ना, तोंडात लगदा, तरी मी बघून ठेवलं, डॉक्टरांच्या अॅप्रनची उजवी बाही डावीपेक्षा अर्धा इंच आखूड. बोलता येत नव्हतं म्हणून वाचले.

आता तुम्ही म्हणाल, एवढी पाळी का आली? अहो, दात गेले. असे एकदम नाही गेले, एकेक करत गेले, जुन्या कोटाची बटणं जातात तसे. हिरड्याच कमजोर, डॉक्टर म्हणाले, हे सगळे हलतायत, काढून टाकू. काढले. वर पुढचा एक तेवढा राहिला, तो काही केल्या हलेना, म्हणून राहू दिला. एक दात! आरशात बघितलं तर तोंडाचं बोळकं, आणि त्यात हा एकटा उभा, सगळे निघून गेले तरी पंगतीत बसून राहिलेल्या पाहुण्यासारखा.

आणि मी काय केलं असेल? मी बायकोसमोर जेवायचं बंद केलं. हसू नका. आमचं दुकान खाली, घर वर. लग्न झाल्यापासून एकत्र जेवतोय आम्ही, समोरासमोर. पण त्या बोळक्याने मऊ भात चिवडायचा, ओघळ हनुवटीवर येणार, गाल आत-बाहेर होणार, हे तिने समोर बसून बघायचं? मला नाही सोसलं. लाज वाटली, स्पष्टच सांगतो. मग मी म्हटलं, कामाची घाई आहे, माझं ताट खालीच पाठव. आणि जेवायला लागलो कुठे, तर ट्रायल रूममध्ये. पडदा ओढून, तिन्ही बाजूंनी आरसे. बायकोला दिसू नये म्हणून मी पडद्याआड गेलो आणि मला मीच तीन-तीनदा दिसायला लागलो! एकदा एक गिऱ्हाईक पँट घालून बघायला पडदा सारून आत आलं, तर मी ताट मांडीवर घेऊन... ते बिचारं सॉरी म्हणून गेलं ते आजतागायत पँट न्यायला आलेलं नाही.

अकरा महिने चाललं हे. ती ताट आणायची, पडद्याखालून आत सरकवायची आणि जायची. एक दिवस ताट सरकवलं आणि बाहेर तशीच उभी राहिली. मला पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. मग म्हणाली, "मला एकटीला घास जात नाही हो." एवढंच. आणि वर निघून गेली. मी तो भात तसाच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, अमुक दवाखान्यात जायचं, तिथेच जायचं, कवळी करून घ्यायची. म्हटलं ठीक आहे. एरवी मी तिच्याशी हुज्जत घातली असती.

तर ते पहिलं माप. मग तो उरलेला दातही काढला, आणि डॉक्टर म्हणतात, हिरड्या भरून आल्या की दुसरं माप. म्हटलं, दुसरं कशाला? एकदा घेतलं ते काय वाया गेलं? तर म्हणाले, पहिलं अंदाजाचं, दुसरं नेमकं, आणि मग मेणाची पट्टी ठेवून तिसरं, तोंड किती मिटतं त्याचं. तीन मापं! एवढ्याशा तोंडाची! अख्ख्या माणसाचा थ्री-पीस मी एका मापात शिवतो. तुम्हाला सांगतो, माझं डोकंच फिरलं. मी ठरवलं, हे दात शिवतो... म्हणजे करतो कोण, ते बघायचंच. नवखा असणार कुणीतरी.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली. माझ्या ट्रायल रूमपेक्षा थोडी मोठी. टेबल, त्यावर खाली वाकवलेला दिवा, एक बारकी बत्ती, तिच्यावर तापवायची एक सुरी, सगळीकडे मेणाचा वास आणि पांढरी भुकटी. आणि भिंतीभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. माझ्याकडे कोट लटकतात ना चिठ्ठ्या लावून, थेट तसे. आणि टेबलाशी एक बाई, पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, मान खाली. मी दारात जाऊन उभा राहिलो, घसा खाकरला. बाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "या, शिंपीकाका."

मी उडालोच. म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं वाटतं. तर म्हणाल्या, छे, डॉक्टर माझ्याशी कशाला बोलतात. आणि फळीवरून एक जबडा काढला. माझा! तो एकटा दात उभा होता ना त्यावर, पहिल्या मापाचा. सुरीचं टोक त्या दाताच्या कडेला लावलं. तिथे एक खाच. बारीक, दोऱ्याएवढी. म्हणाल्या, दोरा दाताने तोडता तुम्ही, याच दाताने, आणि तोडताना मान उजवीकडे झटकता.

बेचाळीस वर्षं मी त्या दाताने दोरा तोडला. मला माहीत नव्हतं तिथे खाच आहे! मी लोकांचे खांदे बघून सांगतो, हा डाव्या हाताने पिशवी उचलतो, त्याचं मला केवढं कौतुक... आणि इथे ही बाई एका दाताच्या एका कडेवरून माझी मान कुठे झटकते ते सांगते. मी आपला तिथल्या स्टुलावर बसलो आणि म्हटलं, बाई, जरा बघू का काम? त्या म्हणाल्या, बघा, पण हात लावू नका. हे कुणाला सांगताय, शिंप्याला... पण मी नाही म्हटलं ते. हात मांडीखाली घेऊन बसलो.

तासभर बघत होतो. एकेक दात चिमट्याने उचलायचा, गरम सुरीने मेण वितळवायचं, दात बसवायचा, मान तिरकी करून बघायचं, पटला नाही की काढायचा. मग उठून तीन पावलं मागे जायचं आणि तिथून बघायचं! अहो, कोट टाचण्या लावून झाला की मी तीन पावलं मागे जातो. बरोब्बर तीन. हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं, यांना कुणी शिकवलं?

मग आली ट्रायल. हो, ट्रायलच म्हणतात त्यासुद्धा! मेणात टोचलेले दात तोंडात घालून बघायचे, पक्के करायच्या आधी. म्हणजे कच्ची शिलाईच की! मी मोजले. अठ्ठावीस भरले. म्हटलं, बाई, बत्तिशी म्हणतात हिला, चार दात कुठे गेले? आयुष्यभर गिऱ्हाइकांनी मला विचारलंय, कापड उरलं असेल ना, कुठे गेलं? पहिल्यांदाच मला कुणालातरी विचारायला मिळालं! त्या एवढ्या हसल्या, म्हणाल्या, अक्कलदाढा कवळीत लावत नाहीत काका. बरं म्हटलं, या वयात नवी अक्कल घेऊन करायचंय काय.

पण मग मला सापडलं. चूक! डावीकडचा दुसरा दात शेजारच्यावर किंचित चढलेला. सूतभर. मी कसा सोडीन? म्हटलं, बाई, हा तिरका लागलाय, उसवा. त्या शांतपणे म्हणाल्या, मुद्दाम लावलाय. सगळे सरळ लावले की दुकानातले दिसतात, तोंडातले दिसत नाहीत.

बघा आता. मी जन्मभर काय केलं? वाकड्या माणसाला सरळ कोट. खांदा पडलेला, घाल आत पॅडिंग. आणि ही बाई मुद्दाम एक टाका चुकवते, बाकीचं काम लपावं म्हणून! हे बेचाळीस वर्षांत कुणाला सुचलं नाही? शिंप्याला!

मग म्हणाल्या, एकसष्टपासून सत्तरपर्यंत म्हणा. मी म्हटलं, एकसष्ट, बासष्ट... सदुसष्टला शिट्टी वाजली. त्यांनी दात काढले, पुढच्या दातांच्या मागचं मेण नखभर खरवडलं, पुन्हा म्हणा. पुन्हा शिट्टी, बारीक. पुन्हा खरवडलं. तिसऱ्यांदा सदुसष्ट असं स्वच्छ निघालं तोंडातून... अकरा महिन्यांत मी स्वतःचा असा आवाज ऐकला नव्हता. नुसता सदुसष्ट हो, त्यात काय आहे? पण मला भरून आलं. मी आपला अडुसष्ट, एकोणसत्तर म्हणत गेलो, थांबलोच नाही, ब्याऐंशीपर्यंत गेलो. बाईंनी मध्ये अडवलं नाही.

आठ दिवसांनी कवळी तयार. डॉक्टरांनी बसवली, हातात आरसा दिला. मी बघितलं... मीच होतो. दहा वर्षांपूर्वीचा मी. आणि वरच्या पुढच्या दाताला, कडेला, खाच! दोऱ्याएवढी! कोरलेली! डॉक्टर म्हणाले, एक लक्षात ठेवा, पुढच्या दातांनी दोरा तोडायचा नाही, कवळी मागून उचलली जाईल. मी सरळ मागच्या खोलीत गेलो. म्हटलं, बाई, दोरा तोडायचा नाही तर खाच कशाला कोरलीत? त्या दुसऱ्याच कुणाचा तरी जबडा घासत होत्या. म्हणाल्या, "ती तुमची आहे म्हणून."

मी बेचाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला असं काही करून दिलेलं नाही. नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

तर त्या दुपारी मी वर गेलो. जेवायला. ताट मांडलं तिने, दोन ताटं, समोरासमोर. माझी छाती अशी धडधडत होती, लग्नातसुद्धा एवढी धडधडली नव्हती. पहिला घास घेतला. बरा गेला. दुसरा घेतला, ती बघत होती, मी जरा ऐटीत चावायला गेलो... आणि खालची कवळी सुटली. सुटली ती बाहेरच आली, ताटात, भातावर! दात वर करून! अहो, त्या क्षणी मला धरणीने पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं. अकरा महिने ज्याला भीत होतो ते दोन घासांत ताटात येऊन पडलं. मी उठलो. म्हटलं, जातो खाली, पडद्याआडच बरा मी.

"बसा," ती म्हणाली.

असं कधी बोलत नाही ती. मी बसलो. ती पाणी प्यायली, तोंडात बोटं घातली, आणि काहीतरी काढून माझ्या कवळीशेजारी ठेवलं. तीन दात. वरचे, पुढचे. गुलाबी पट्टीवर, दोन्ही बाजूंना केसाएवढी तार. माझी तर दातखीळच बसायची, पण बसायला खालचे दात तोंडात नव्हते. मी ते उचललं, उजेडाला धरलं, उलटंपालटं करून बघितलं. मधला दात किंचित तिरका. सूतभर. मी काम ओळखलं.

म्हटलं, कधी? म्हणाली, नऊ वर्षं झाली. ओल्या फरशीवर पडले होते, तुम्ही शाळेच्या गणवेशांच्या घाईत होता, मीच जाऊन करून आले. म्हटलं, आणि रात्री? म्हणाली, तुम्ही घोरायला लागलात की काढते, तुमच्या आधी उठून घालते. म्हटलं, अगं, मग सांगितलं का नाहीस? ती भात कालवत म्हणाली, "तुमच्या नजरेला पडेल म्हणून दोन महिने वाट बघितली. मग म्हटलं, जाऊ दे."

नऊ वर्षं! समोरासमोर, दोन हातांवर! जोड दिसला नाही. कुणाला? शिंप्याला!

मग जेवलो आम्ही, कवळ्या बाजूला ठेवून, मी पुरा बोळका, ती पाव बोळकी, ओघळ पुसत पुसत. आणि जेवताना माझ्या डोक्यात उजेड पडला... ही हसताना तोंडावर हात धरते ना, नऊ वर्षं झाली आता, त्याचं मला एवढं कौतुक, एवढं कौतुक, की कोटाचं माप घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगत आलोय, आमची ही अजून माझ्यासमोर लाजते हो!