डोंगरातला हबीब

नवरा तिकिटाच्या रांगेत उभा होता, म्हणून साबिरा खांडबाऱ्याच्या फलाटावर बसून होती. शेजारी डोंगरातली रमीबाई नातू घेऊन टेकली.

"बाळनं नाव काय शे?" साबिराने विचारलं.

"हबीब."

साबिरा दचकली. हे तर तिच्या नवऱ्याचं नाव!

"तुमच्यात हे नाव?"

"आमनामा जे घडस त्यानं नाव पोरले. होळीले जन्मना तर होळ्या."

"मग याच्या वेळी काय घडनं?"

"सून वाटमा अडनी. एक मीठवालानी गाडी थांबाडी, गोण्या रस्तामा फेक्यात, तिले मिशनना दवाखानामा लई गया. मांगे ढोरंस्नी सगळं मीठ चाटी टाकं. मी इचारं, घर काय सांगशी? म्हने, नदीमा पडन्यात म्हनसू."

नदीत पडलेल्या त्याच गोण्यांवरून साबिरा वर्षभर नवऱ्याला टोचत आली होती.

"आनि नावना अर्थ?"

"अर्थ? तसा मानूस. दुसरा काय? ले, हाक मार, हासस तो."

निकाह झाल्यापासून साबिराने नवऱ्याचं नाव कधी तोंडावाटे काढलं नव्हतं. तिने बाळाला उंच धरलं आणि अख्ख्या स्टेशनाला ऐकू जाईल अशी हाक मारली,

"हबीब!"

बाळ खुदकन हसलं, आणि तिकिटाच्या रांगेतला मीठवाला गर्रकन मागे वळला.