शेषम्मा अक्काची मेट्टी

१९९५ साल. तंजावूरच्या दवाखान्यात सहा खुर्च्या, एक पंखा आणि मराठी समजणारी तीन माणसं होती: मी आणि शेजारच्या दोघी बहिणी.

"शेषम्मा अक्का, पायांची सूज उतरली की."

"बीपीची नवी गोळी बंद केली. तिच्यानंच सुजत होते."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारायचं काय? मेट्टी पायाच्या बोटात रुतली होती. सोनार म्हणाला, कापावी लागेल."

"कापायची. दुसरी घालायची."

"तुझे भावोजी असताना मेट्टी कापू?"

"भावोजी ठणठणीत आहेत. सकाळी सहा इडल्या खाल्ल्या."

"म्हणूनच. आता बघ, कशी गरगर फिरते."

"आणि बीपी?"

"डोकं तेवढं जड असतं. उन्हानं असेल."

नर्सनं तिथंच अक्काच्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं. वरचं दोनशे दहा, खालचं एकशे वीस.