फोटोखालचा शब्द

...अहो, चोर म्हणे, चोर! माझ्या आईला! तुम्हाला सांगतो, कोपऱ्यावरच्या त्या मोठ्या दुकानात, आत शिरल्या शिरल्या भिंतीवर तिचा फोटो चिकटवलाय, हा एवढा, आणि खाली लाल अक्षरांत, ‘सराईत चोर. लक्ष ठेवा.’ सराईत! जिला स्वतःच्या घराचा रस्ता सापडत नाही, ती सराईत?

बरं, चोरलं काय? खोडरबर! सोनं नाही, नाणं नाही, खोडरबर! आईच्या डोक्यात मी अजून दुसरीत आहे हो... आणि माझं खोडरबर रोज हरवतं. म्हणून मी ड्युटीवर गेलो आणि शेजारच्या काकूंचा जरा डोळा लागला, की ही निघाली दुकानात! उचललं, पिशवीत टाकलं, घरी आणून उशीखाली. ‘बाळ शाळेतून आला की देईन.’ आणि बाळ समोर उभा, टक्कल पडलेला! बस चालवतो मी, युनिफॉर्म असतो ना अंगावर, म्हणून मला म्हणते ड्रायव्हरदादा. आता मला सांगा, हिला चोर म्हणायचं?

गेलो तडक मालकाकडे. आईलाही नेलं, म्हटलं बघू दे याला, चोर कसा दिसतो ते! म्हटलं, शेठ, तो शब्द काढा. तर हा नाकातून, ‘मग काय लिहू? संशयित?’ अहो, संशय कसला, कॅमेऱ्यात उचलताना दिसतेय की! ‘मग आरोपी?’ आरोपी व्हायला पोलिसांत जावं लागतं, शेठ! ‘भुरटा चोर लिहू?’ तेवढ्यात गल्ल्यावरची पोरगी, गोड आवाजात, ‘सर, भामटी बरं दिसेल.’ म्हटलं, बाई गं, भामटा दुसऱ्याला फसवतो, हिला हिचंच डोकं फसवतंय! हिला चोर म्हणायचं? नुसतं ‘आजी’ लिहा ना! तर मालक म्हणतो, ‘आजी लिहिलं तर लक्ष कोण ठेवणार हो तिच्यावर?’

पटलं हो मला ते! भांडायला गेलो होतो आणि भर दुकानात रडू फुटलं...

डोळे पुसून बघतो, तर आई त्या फोटोसमोर. चष्मा नीट करून एकेक अक्षर वाचतेय. मला हाताला धरून म्हणाली, ‘बिचारी! या वयात चोऱ्या? हिला पोटचं कोणी नाही का हो?’

‘आहे,’ म्हटलं, ‘एक मुलगा आहे.’

‘मग कुठे मेलाय तो?’

‘ड्युटीवर असेल, आजी.’

‘कसली मेली ड्युटी! आईला रस्त्यावर सोडून? तुम्ही बघा ड्रायव्हरदादा, मी तुमची ना नात्याची ना गोत्याची, तरी हात सोडत नाही माझा. भाग्यवान हो तुमची आई!’

म्हटलं, ‘हो, आहे खरी. चला आजी, घरी सोडतो तुम्हाला.’