थोरलीच्या अंगठ्याचा साबण

जबाब देणार: थोरलीची सून (गल्लीत याच नावाने ओळख), वय ५३ वर्षे, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम व घरच्या साबणाचा हिशेब, राहणार कापड बाजारामागे, दुसरा मजला.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी, यजमान व मुलगी असे राहतो. माझ्या सासूबाईंना सगळी गल्ली थोरली म्हणायची. त्यांनी स्वयंपाकघरात सुरू केलेला अंगाचा साबण आम्ही 'थोरली' नावाने विकतो. या नावाचा ट्रेडमार्क त्यांनी हयातीतच माझ्या नावे नोंदवून घेतला. पूजा आटोपली की त्या प्रत्येक ओल्या वडीवर उजवा अंगठा दाबत. त्या गेल्यापासून मी दाबते.

आमची वेष्टने छापणारे छापखानेवाले यजमानांचे शाळेपासूनचे मित्र. मी त्यांना भाऊजी म्हणते.

यंदा दोन बायका दारात येऊन बोलून गेल्या. थोरली साबणाने मुलांच्या अंगावर पुरळ उठले, असे त्यांचे म्हणणे. साबण इंटरनेटवरून घेतलेला होता. आमची वेबसाईटच नाही. मुलीने पाहिले, तर थोरली नावाचा वेबसाईटचा पत्ता दुसऱ्याच कोणी घेऊन त्यावर आमच्या वेष्टनात साबण विकायला ठेवलेला. नाव एकदा सरकारदरबारी नोंदले की सगळीकडे आपलेच, असे आम्ही धरून चाललो होतो. तसे नसते, हे वकिलांनी सांगितले.

मुलगी एक वडी मागवणार होती. डझनावर सूट होती म्हणून मी डझन मागवायला लावले. प्रत्येक वडीवर अंगठा होता आणि त्यावर आडवा व्रण. सुरीने कापलेला सासूबाईंचा तो अंगठा मीच धुऊन बांधला होता. पुडक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता छापखान्याचा होता.

मी छापखान्यात गेले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, वेबसाईटचा पत्ता मोकळा पडला होता, मी उचलला. बाहेरच्याने नेला असता तर?"

"मग द्या आता."

"देतो की. विकत घ्या." त्यांनी सांगितलेली रक्कम आमच्या ऐपतीबाहेरची आहे.

अंगठ्याचे विचारले, तेव्हा ते यंत्राकडे बघत म्हणाले, "थोरलीनेच वडी दिली होती, माझ्या लग्नात. जपून ठेवलेली. तिचाच साचा केला."

मी म्हणाले, "देवाला तरी भ्यायचं."

"देवाची वेबसाईट कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा, वहिनी." त्यावर कामगार हसले. मी घरी आले.

यजमान सोबत आलेले नाहीत. मित्राविरुद्ध ठाण्याची पायरी चढणार नाही म्हणतात.

वेबसाईटचा पत्ता माझ्या नावे व्हावा व विक्री थांबावी, एवढीच तक्रार आहे. भाऊजींना आत टाका असे मी म्हणत नाही. झडतीत साचा मिळेल, तिथेच सासूबाईंची मूळ वडीही असेल. त्यांच्या हातची एकही वडी आमच्याकडे उरलेली नाही. सगळ्या विकल्या. तपास संपल्यावर ती मला परत मिळावी. तोवर तिला पाणी लागू देऊ नये.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. शाईचा पॅड पुढे केला होता. मला लिहिता येते, म्हणून सही केली आहे.