मथुराबाईले बोलाची मनाई

...अन् मी म्हनतो, बायकोले एवढ्या लांब फिराले न्याचं, अन् वरून तिच्या तोंडाले कुलूप लावाचं, हा कोनता न्याय हो? तुमीच सांगा! तेजराम माहा शेजारी, आपल्या भिलाईच्या प्लांटात रोलिंग मिलमंधी, मानूस सोन्यासारखा... पन दुर्ग टेसनावर गाडीत चढता चढता बायकोले म्हनते कसा, "हे पाय मथुरा, एलटीसीचा, कंपनीच्या पैशाचा प्रवास आहे, संगं साहेबलोक आहेत. तुनं आपलं गावठी बोलाचं नाई. हासतात लोक!"

कावून? तर एकडाव नेहरू नगरच्या दुकानात ती बोलली होती, "भैया, मेरेको वो हिरवा लुगडा होना," अन् दुकानदार जो हासला, जो हासला... तवापासून बाहेर पडली का बिचारी गप्प. भंडाऱ्याजवळच्या तिरोड्याची पोरगी, माहेरी म्हशीसंगबी गप्पा मारनारी! पन नाई... मथुराबाईले बोलाची मनाई!

तर तुमाले सांगतो, मैसूर आलं. राजाचा महाल पाहून तिच्या तोंडून "अगाई!" निघालं, तर तेजरामनं एवढे डोळे वटारले! मंग बसवाल्यानं नेलं आमाले रानाच्या काठावर, हत्तीच्या आश्रमात. सर्कशीतून सोडवलेले, डेपोत लाकडं ओढून ओढून मोडलेले हत्ती तिथं सांभाळतात. आमाले वाटलं, हत्ती केळी खातीन, सोंड वर करतीन, साहेबानं तर क्यामेऱ्यात नवा रोल भरला... कायचं काय! तिथं सारी धावपळ! चंपा नावाची सर्कशीतली हत्तीन सकाळपासून चिखलात आडवी, उठतच नाई! डॉक्टर घाम पुसत सांगे, "इतना भारी जानवर, ज्यादा टाइम पड़ेगा तो अपना ही वजन से दम घुटेगा. फिनिश!"

महावत कन्नडात ओरडला, तमिळात ओरडला, गूळ दाखवला, दोर लावून ओढलं. चंपा डोळे मिटून पडलेली. आपले साहेब पुढं झाले, "गेट अप! गेट अप!" अहो, ते काय तुमच्या ऑफिसमंधला चपराशी आहे?

अन् मथुरा, लोकायले अडवाले बांधलेल्या दोराच्या अलीकडं उभी. तिले दिसलं, चंपाच्या मिटल्या डोळ्याच्या कडेनं पानी वाहून राहिलं. माहेरची म्हैस विताना अशीच पडली होती, अन् मायनं नुसतं बोलून बोलून उठवली होती. पदर तोंडात कोंबला तिनं, तुमाले सांगतो, खरंच कोंबला! कारन मथुराबाईले बोलाची मनाई! पन पोटातलं दाबून दाबून किती दाबनार? निघालंच, "अवं माय... उठ ना वं! कावून अशी पडून राहिली?"

चंपाचा कान हालला!

"चूप!" तेजराम खेकसला.

"चूप तुम!" डॉक्टर तेजरामवरच! "अम्मा, फिर बोलो! बोलो!"

आता पाहा बाईची कमाल. साऱ्या बसच्या देखत तिनं नवऱ्याकडं पाहालं अन् मोठ्यानं इचारलं, "बोलू का?"

हत्तीन मरून राहिली, डॉक्टर हात जोडून राहिला, अन् ही इचारते, बोलू का! तेजराम लालबुंद. "बोल ना वं, बोल!"

मंग काय! चपला काढल्या, दोराखालून वाकली, लुगडं खोचलं, चिखल तुडवत थेट हत्तीनच्या कानापाशी. "ऊठ माही माय, ऊठ! सर्कशीतल्या मेल्यायनं नाचवलं तवा तू जीव सोडला नाई, अन् आता चांगले लोक भेटले तर रुसून बसली? कोनावर रुसली वं? टेक पाय! टेक लवकर!"

चंपानं सोंड हालवली... पुढचा पाय टेकला... घसरली! बाया किंचाळल्या! डॉक्टर ओरडे, "अम्मा, बाहर आओ, दबोगी!" मथुरा हटते? "भेव नोको वं, मी हावो ना इथं. आनखी एकडाव... हां... हां माही माय!" अन् फचाक करून चिखल सुटला, अन् तो एवढा मोठा डोंगर उभा राहाला!

टाळ्याच टाळ्या! महावत मथुराच्या पाया पडला. "अम्मा, सर्कस में इसको पालनेवाला भंडारा का था. वो मर गया. ये बोली इधर किसको आता?" अन् चंपानं चिखलानं भरलेली सोंड अलगद मथुराच्या डोक्यावर ठेवली. बाई हासून राहिली का रडून राहिली, काई समजे ना. तेजराम तर खाली मान घालून तिच्या चपला धरून उभा! अन् म्हने मथुराबाईले बोलाची मनाई!

परतीच्या गाडीत टीटीले, चहावाल्याले, समोरच्या तेलुगू म्हातारीले, साऱ्यायले तिनं आपल्या मराठीत चंपाची गोष्ट सांगितली, अन् साऱ्यायले समजली! साहेबाची बायको आपला बर्थ सोडून हिच्यापाशी येऊन बसली. नागपूर गेलं, गोंदिया गेलं, बाई सुरूच. शेवटी वरच्या बर्थवरून तेजरामनं मान खाली काढली अन् मले हळूच म्हने,

"भैय्याजी, हत्तीन तर हिनं उठवली... आता हिले चूप कोन बसवते?"