उभं नाणं

जवाहर चौकातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात कुमुद पासपोर्टच्या फोटोंसाठी थांबली होती. तिच्यापुढे कारखान्याच्या वसाहतीतलं एक निवृत्त जोडपं ट्रायपॉड बघत होतं.

“अहो, हा तिसरा! आता याला कशाला नाक मुरडताय?”

“यावर उभं केलेलं नाणं पडलं, दिसलं नाही तुला? आमच्याकडे चालत्या टर्बाइनवर नाणं उभं राहिलं, तरच मशीन पास व्हायचं.”

“हे टर्बाइन नाहीये. तलावाचा फोटो काढायचाय तुम्हाला.”

“अर्धं मिनिट शटर उघडं राहणार. एवढंसं हललं, की फोटोची वाट लागते.”

“साहब, सबसे भारी यही है,” दुकानदार वैतागून म्हणाला.

“भारी आहे, पण डुगडुगतोय. हे बघ, पुन्हा पडलं!”

“सकाळपासून डोकं उठवलंत नुसतं! द्या इकडे ते नाणं. आणि व्हा बाजूला.”

बाईंनी ठेवलेलं नाणं उभं राहिलं. पडेचना.

“मग मघापासून मी ठेवलं की का पडत होतं?”

बाईंची नजर नवऱ्याच्या उजव्या हातावर गेली.

“वर पंखा आहे ना. त्याचा वारा लागत होता. भैया, यही पॅक कर दो.”

“हं. पंखाच असणार.” वर न बघताच त्यांनी उजवा हात खिशात घातला.

कुमुदनं वर पाहिलं. छताला नुसता हूक होता.